दंतसेवा, सामान्य

दात, हिरड्या, जबडे व तोंडातील मृदू भाग यांच्या नेहमी आढळणाऱ्या विकारांचे निदान, उपचार आणि प्रतिबंध करणारी प्राथमिक स्वरूपाची वैद्यकीय सेवा. ही सेवा देणाऱ्या, दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या आणि आपला व्यवसाय एखाद्या विशिष्ट शाखेपुरता मर्यादित न ठेवणाऱ्या व्यक्तीस सामान्य दंतवैद्य म्हणतात. शरीराच्या इतर विकारांच्या बाबतीत कुटुंबाच्या डॉक्टरचे जे स्थान असते, तेच मुखारोग्याच्या बाबतीत सामान्य दंतवैद्याचे असते. रुग्ण प्रथम त्याच्याकडे येतो. बहुतेक तक्रारींचे निवारण तोच करतो आणि उरलेल्या रुग्णांना योग्य त्या विशेषज्ञाकडे पाठवितो.

दंतविकार हे जगातील सर्वांत अधिक प्रमाणात आढळणारे विकार होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार सु. ३५० कोटी लोकांना कोणता ना कोणता मुखरोग असून त्यांपैकी चारांतील तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. यांतील बहुसंख्य विकार टाळता येण्याजोगे, निदान प्रारंभी अल्प खर्चात आटोक्यात आणता येण्याजोगे असतात. तरीही असंख्य लोकांच्या बाबतीत दुखणारा दात काढून टाकणे हाच पहिला व शेवटचा उपचार ठरतो. म्हणून दंतसेवेचा विचार करताना दंतवैद्यांच्या संख्येबरोबरच ती सेवा कोठे, केव्हा आणि कोणत्या खर्चात मिळते, हेही पाहावे लागते.

सामान्य दंतवैद्याचे कार्य : तोंडाची तपासणी, क्ष-किरण चित्रण, किडलेल्या दातातील पोकळी साफ करून भरणे, दातांवरील किटण काढणे, हिरड्यांच्या प्राथमिक विकारांवर उपचार, स्थानिक बधिरीकरण करून दात काढणे, दंतगरापर्यंत कीड गेली असल्यास मुळाच्या नलिका साफ करून भरणे (रूट कॅनाल उपचार), दातावर टोपी बसविणे, गेलेल्या दातांच्या जागी कवळी वा कृत्रिम दात बसविणे ही कामे सामान्य दंतवैद्य करतो. वाकडेतिकडे आलेले दात तारांच्या साहाय्याने ओळीत आणणे, जबड्यात खोल अडकलेली अक्कलदाढ काढणे, जबड्याच्या अस्थिभंगावर वा अर्बुदावर शस्त्रक्रिया करणे इ. कामांसाठी बहुधा विशेषज्ञाची गरज भासते. भारतात दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात अशा नऊ विशेष शाखा असून सार्वजनिक दंतारोग्य ही त्यांपैकी एक आहे.

उपचारांइतकेच महत्त्वाचे, परंतु रुग्णांच्या सहसा लक्षात न येणारे असे या दंतवैद्याचे आणखी एक कार्य आहे. गालाच्या आतील बाजूस, जिभेच्या कडेला वा जिभेखाली दिसणारे पांढरे वा लाल चट्टे, न भरणारा व्रण, तोंड पुरेसे न उघडणे ही लक्षणे कर्करोगाची वा कर्करोगपूर्व अवस्थेची सूचक असू शकतात. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील २८·६ टक्के व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आणि २१·४ टक्के व्यक्ती ती धूरविरहित स्वरूपात, म्हणजे चघळून, ओढून वा दातांना लावून घेत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात तंबाखू-चुन्याच्या जोडीला, विशेषतः स्त्रियांमध्ये, मिशरीची सवय दिसून येते. मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दात स्वच्छ होतात या समजुतीने लावली जाते आणि पुढे तिचे व्यसन जडते. सुपारीच्या सततच्या सेवनाने तोंडातील अस्तराखाली तंतुमय पेशीसमूह वाढून तोंड उघडणे हळूहळू कठीण होत जाते. असा मनुष्य बहुधा दाढदुखीसाठी दंतवैद्याकडे येतो. त्या वेळी तोंडाची संपूर्ण तपासणी झाली, तर रोग वेळीच ध्यानात येतो. केवळ दुखणारी दाढ पाहिली, तर ती संधी हुकते. मधुमेह व हिरड्यांचे विकार हेही परस्परांस पोषक असल्याने मधुमेही व्यक्तीचे निदान कधीकधी दंतवैद्याच्या खुर्चीतच प्रथम होते.

रोगाचा क्रम व उपचाराचा खर्च : दंतोपचार महाग का होतात, हे समजण्यासाठी दंतक्षयाचा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जंतू अन्नातील शर्करेपासून अम्ल निर्माण करतात. या अम्लामुळे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील (दंतवल्कातील) खनिजे विरघळू लागतात. प्रथम पांढुरका डाग दिसतो. या अवस्थेत फ्ल्युओराइड व स्वच्छता यांच्या साहाय्याने झीज भरून निघू शकते आणि खर्च जवळजवळ नसतो. पुढे पोकळी पडते. ती एका बैठकीत भरता येते. कीड दंतिनातून दंतगरापर्यंत पोहोचली की, तीव्र वेदना सुरू होतात. आता दात वाचवावयाचा, तर नलिकांचा उपचार, त्यासाठी वारंवार क्ष-किरण चित्रे, बहुधा एकाहून अधिक बैठका व शेवटी टोपी असा खर्च येतो. तो झेपला नाही, तर दात काढावा लागतो. काढलेल्या दाताची जागा रिकामी राहिल्यास शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली वा वर सरकतो व चर्वणशक्ती कमी होते. तेव्हा कृत्रिम दाताचा खर्च पुढे उभा राहतो.

या क्रमातील प्रत्येक पायरीला खर्च वाढतो आणि साध्य होणारे फळ मात्र कमी होते. पहिल्या दोन पायऱ्यांवर वेदना नसल्याने रुग्ण येत नाही. तिसरीवर तो येतो, तेव्हा स्वस्त उपचाराची वेळ टळून गेलेली असते. रोजंदारीवर काम करणाऱ्यास तालुक्याच्या गावी तीन खेपा घालणे म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि प्रवासभाडे गमावणे होय. उपचाराचे शुल्क माफ केले, तरी हा भार राहतोच. एकाच खेपेत वेदना थांबविणारा उपचार म्हणून तो दात काढून घेणे पसंत करतो. हा निर्णय अज्ञानामुळे होतो, असे समजणे बरोबर नाही. त्याच्या परिस्थितीत तो हिशेबाने योग्यच असतो.

दंतवैद्याच्या बाजूनेही खर्चाची कारणे आहेत. साध्या औषधोपचारासाठी वैद्याला टेबल, खुर्ची व थोडी उपकरणे पुरतात; दंतवैद्याला मात्र पहिल्या रुग्णापूर्वीच यांत्रिक खुर्ची, हवेचा दाब देणारे यंत्र, क्ष-किरण यंत्र व निर्जंतुकीकरणाचे उपकरण यांत भांडवल गुंतवावे लागते. प्रत्येक उपचार त्याला स्वहस्ते करावा लागतो व त्यास अर्धापाऊण तास सहज लागतो. टोप्या व कवळ्या प्रयोगशाळेतून करवून घ्याव्या लागतात. यामुळे दवाखाना चालविण्यासाठी शुल्क देऊ शकणाऱ्या वस्तीची गरज भासते आणि दवाखाने शहरांत एकवटतात.

ऐतिहासिक आढावा : सुश्रुतसंहितेत मुखरोगांचे वर्णन व त्यांवरील उपचार आढळतात. यूरोपात दीर्घकाळ दात काढण्याचे काम न्हावी व फिरते कारागीर करीत. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांच्या १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या विषयास शास्त्राचे रूप दिले. १८४० मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. ते मुंबई महानगरपालिकेमार्फत चालविले जाते.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात सु. तीन लाख लोकांमागे एक अर्हताप्राप्त दंतवैद्य असल्याची नोंद आहे. त्या काळी आठवड्याच्या बाजारात दात काढून देणारे व परंपरेने हा व्यवसाय करणारे लोक हाच बहुसंख्य जनतेचा आधार होता. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने व्यवसायाचे नियमन सुरू झाले आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या अधिनियमानुसार नोंदपुस्तकाचे दोन भाग करण्यात आले. ‘अ’ भागात मान्यताप्राप्त अर्हता असलेल्यांची, तर ‘ब’ भागात तशी अर्हता नसलेल्या, परंतु नोंदणीपूर्वी किमान पाच वर्षे हाच व्यवसाय करून उपजीविका करणाऱ्या व्यक्तींची नोंद होई. यांखेरीज डेंटल हायजिनिस्ट व डेंटल मेकॅनिक या साहाय्यक वर्गांच्या नोंदणीचीही तरतूद करण्यात आली. हा अधिनियम रद्द करून परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणण्याचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.

भारतातील परिस्थिती : स्वातंत्र्यकाळातील दंतवैद्यांची टंचाई आज राहिलेली नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये असून त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. नोंदणीकृत दंतवैद्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. तथापि रोगाचे प्रमाण मोठेच राहिले. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या सु. ५२ टक्के, बारा वर्षे वयाच्या सु. ५४ टक्के व पंधरा वर्षे वयाच्या सु. ६३ टक्के मुलांत दंतक्षय आढळला होता.

संख्या वाढूनही सेवा न पोहोचण्याची मुख्य कारणे तीन आहेत. पहिले, दंतवैद्यांचे शहरांत झालेले केंद्रीकरण. एकाच रस्त्यावर चार दवाखाने आणि कित्येक गावांच्या पंचक्रोशीत एकही नाही, असे विषम चित्र दिसते. दुसरे, शासकीय सेवेतील पदांची मर्यादित संख्या. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत दंतवैद्याचे पद साधारणपणे ग्रामीण रुग्णालय वा सामूहिक आरोग्य केंद्र या पातळीपासून सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते सहसा नसते. जेथे पद भरलेले असते, तेथेही खुर्ची नादुरुस्त असणे, भरण्याचे साहित्य वेळेवर न मिळणे अशा कारणांनी दात काढणे व औषध देणे यांपलीकडे सेवा जात नाही. तिसरे कारण म्हणजे खर्चाची रीत. दंतोपचारांचा बहुतेक खर्च रुग्णाला स्वतःच्या खिशातून करावा लागतो. नेहमीच्या आरोग्यविम्यात, अपघाताचा प्रसंग वगळता, दंतोपचार बहुधा समाविष्ट नसतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा भरही रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांवर आहे. त्यामुळे जबड्यावरील शस्त्रक्रियेस आधार मिळू शकतो. परंतु ती टाळू शकणाऱ्या साध्या उपचाराचा खर्च रुग्णालाच करावा लागतो.

ही पोकळी अनर्ह व्यक्ती भरून काढतात. शीघ्र घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकचा दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवून वा तारेने बांधून देणे हा त्यांचा नेहमीचा उपचार होय. तो स्वस्त असतो व तासाभरात होतो. मात्र त्याखाली अन्न अडकून हिरड्या कुजतात आणि आधाराचे धडधाकट दातही जातात. निर्जंतुक न केलेल्या उपकरणांमुळे ‘ब’ प्रकारच्या काविळीसारख्या रोगांचा संसर्ग होण्याचा धोका असतो. नोंदणीवाचून दंतवैद्यकाचा व्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे. तथापि परवडणारा पर्याय जवळ असल्याखेरीज केवळ कायद्याने ही प्रथा थांबत नाही.

शासकीय योजना व उपलब्ध सोयी : केंद्र शासनाचा राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. जिल्हा व त्याखालील रुग्णालयांत दंत विभाग उभारण्यास साहाय्य करणे हा त्याचा प्रमुख भाग आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने २०२३ पासून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांतील बारा सेवांत प्राथमिक मुखारोग्यसेवेचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअन्वये अंगणवाड्या व शाळांतील मुलांची जी तपासणी होते, तीत दातांच्या विकारांचाही अंतर्भाव होतो.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. गोव्यात १९८० मध्ये स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय बांबोळी येथे आहे. या महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सर्व शाखांचे उपचार अल्प शुल्कात होतात. खाजगी महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रुग्णांची गरज असल्याने उपचार सवलतीच्या दरात केले जातात. तेथे उपचार विद्यार्थी करीत असले, तरी ते अध्यापकांच्या देखरेखीखाली होतात. वेळ मात्र अधिक लागतो. सवड असलेल्या व जवळ राहणाऱ्या रुग्णांस ही सोय उपयुक्त ठरते. दूरच्या रुग्णाला पुन्हा खेपांचीच अडचण येते.

अल्पखर्ची उपचार व प्रतिबंध : गेल्या काही दशकांत वीज व मोठी यंत्रसामग्री न लागणारे उपचार विकसित झाले आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात विकसित झालेल्या एका पद्धतीत केवळ हाताच्या उपकरणांनी कीड काढून पोकळीत ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटते व फ्ल्युओराइड सोडत राहते. सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइड या द्रावणाचा थेंब किडलेल्या भागावर लावल्यास बहुतांश वेळा कीड तेथेच थांबते. किडका भाग कायमचा काळा पडतो, हा त्याचा दोष होय. मात्र लहान मुलांच्या दुधाच्या दातांत तो पुष्कळदा स्वीकार्य ठरतो. हे दोन्ही पदार्थ व फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्ट यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. हे उपचार शाळेच्या वर्गात वा ओसरीवरही करता येतात. म्हणून खुर्चीपर्यंत न पोहोचणाऱ्या रुग्णापर्यंत दंतवैद्याला पोहोचता येते.

प्रतिबंधाचा स्वस्त उपाय म्हणजे दिवसातून दोनदा फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्टने दात घासणे आणि दोन जेवणांच्या मध्ये गोड व चिकट पदार्थ टाळणे. राखुंडी, विटेची पूड यांसारखे खरबरीत पदार्थ दंतवल्क झिजवितात. १९४५ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथे सार्वजनिक पाण्यात फ्ल्युओराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. भारतात मात्र हा उपाय सरसकट योजता येत नाही, कारण महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्ल्युओराइड मर्यादेपेक्षा अधिक असून त्यामुळे दातांवर डाग पडणे व हाडांचे विकार आढळतात. अशा ठिकाणी पाण्यातील फ्ल्युओराइड कमी करणे हेच दंतारोग्याचे कार्य ठरते.

इतर देशांतील अनुभव : न्यूझीलंडमध्ये १९२१ पासून खास प्रशिक्षित परिचारिकांमार्फत शाळांतच मुलांचे दात तपासण्याची व भरण्याची सेवा सुरू झाली, पुढे अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवेत दंतोपचार विनामूल्य उपलब्ध झाले. तथापि मागणी अपेक्षेपेक्षा फार मोठी ठरल्याने १९५१ मध्ये कवळ्यांवर व १९५२ मध्ये इतर उपचारांवर शुल्क आकारण्यात आले. तेथे आज अनेक भागांत या सेवेखाली नवे प्रौढ रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणे कठीण झाले आहे. ब्राझीलने २००४ मध्ये मुखारोग्याचे राष्ट्रीय धोरण अंगीकारून दंतवैद्यांना कुटुंब आरोग्य पथकांशी जोडले. या अनुभवांवरून असे दिसते की, मोफत उपचाराची घोषणा पुरेशी नसते. पदे, साहित्य, साहाय्यक कर्मचारी आणि दंतवैद्याला मिळणारा रास्त मोबदला यांची तरतूद टिकली, तरच सेवा टिकते.

समारोप : दंतवैद्यांची पुरेशी संख्या असूनही दंतसेवेपासून वंचित राहिलेला मोठा समाज, असे आज भारतातील दंतसेवेचे स्वरूप आहे. नवी महाविद्यालये काढून हा विरोध मिटणारा नाही. शिक्षित सामान्य दंतवैद्याला ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत जागा देणे, त्याला भरण्याचे साहित्य व साहाय्यक पुरविणे, साध्या प्रारंभिक उपचारांचा खर्च विमा व शासकीय योजनांत समाविष्ट करणे आणि शाळेतील तपासणीत आढळलेल्या मुलावर प्रत्यक्ष उपचार झाला की नाही, याची नोंद ठेवणे, हे उपाय त्या दृष्टीने आवश्यक आहेत. दंतसेवा जनतेपर्यंत पोहोचली की नाही, हे उघडलेल्या दवाखान्यांच्या संख्येवरून ठरणार नाही. जे दात भरून वाचविता आले असते, असे किती दात काढावे लागले, यावरून ते ठरेल.